बाबांच्या डिसेबिलिटी पेन्शनचं अपील : ‘पी’ आणि ‘एफ’ या दोन अक्षरांत गेलेली सात वर्षं

गडहिंग्लजची_लेक | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आमच्या गल्लीत चार घरं फौजेतली, आणि त्यातल्या दोन घरांत ‘दावा नामंजूर’ असं पत्र कपाटात पडून आहे. जिल्ह्यात अशी कपाटं किती असतील, म्हणून सविस्तर लिहिते.

बाबा १९८९ ला भरती झाले आणि २०११ ला बावीस वर्षं पुरी करून नायक म्हणून घरी आले. सर्व्हिस पेन्शन लगेच सुरू झाली. निघताना ते लो मेडिकल कॅटेगरीत होते, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त नव्हते. आजार ब्लड प्रेशर, मेडिकल बोर्डानं अपंगत्व ३० टक्के लिहिलं, तेही आयुष्यभरासाठी. पण डिसेबिलिटीचा दावा फेटाळला. कारण एका ओळीचं : आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही.

बाबांनी मुदतीत पहिलं अपील केलं. वर्षभरानं त्याचंही तसंच एका ओळीचं उत्तर आलं. मग ते थांबले. “साहेब लोकांनी लिहिलंय, म्हणजे विचार करूनच लिहिलं असणार,” एवढंच म्हणाले. बावीस वर्षं हुकूम ऐकलेल्या माणसाला कागदाशी भांडायला जमत नाही हो. आम्हीही तेव्हा लहान, आईला तर यातलं काहीच माहीत नव्हतं.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरातच होतो, तेव्हा बाबांची काळी पत्र्याची पेटी मी पहिल्यांदा नीट उघडली. नंबर, रँक आणि नाव पांढऱ्या रंगात लिहिलेली पेटी, ज्यांच्या घरी आहे त्यांना लगेच डोळ्यांसमोर येईल. आत डिस्चार्ज बुक, नामंजुरीची दोन पत्रं, रजेचे जुने पास. मेडिकल बोर्डाचा कागद मात्र नव्हता. बाबांना विचारलं तर म्हणाले, “सही घेतली होती, कॉपी दिली नव्हती.”

म्हणून सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, नंबर, रँक, युनिट, डिस्चार्जची तारीख आणि मागणी : रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, पहिल्या पानापासून शेवटच्या सहीपर्यंत. प्रत आली. झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं उडालेली.

त्यात एक तक्ता असतो. कधीपासून कधीपर्यंत, कुठं, आणि शेवटच्या रकान्यात एकच अक्षर. शांत ठिकाण असेल तर ‘पी’, फील्ड म्हणजे मोहिमेचा भाग असेल तर ‘एफ’. बाबांच्या तक्त्यात काश्मीरमधली राष्ट्रीय रायफल्सची पोस्टिंग ‘एफ’ होती, अडीच वर्षांची. तिथून ते ज्या छावणीत आले तिथं ‘पी’. आणि आजार कधी सुरू झाला, तर या ‘पी’ ठिकाणी आल्यावर दोन महिन्यांनी, वार्षिक मेडिकलच्या वेळी. बोर्डानं तेवढंच बघितलं. आजार शांत ठिकाणी सुरू झाला, म्हणजे सेवेशी संबंध नाही. बीपी काय रेल्वेच्या डब्यात चढून परतीच्या वाटेवर सुरू होतं का?

पेटीच्या तळाला डिस्चार्ज बुकाच्या कव्हरमध्ये एक चिठ्ठी सापडली. फील्डमधल्या एमआय रूमची, म्हणजे युनिटच्या दवाखान्याची, बोटभर रुंदीची. तारीख, बाबांचा नंबर, बीपी १५२/९८ आणि खाली ‘रिव्ह्यू’. पुढं तो रिव्ह्यू कधी झालाच नाही, कारण पार्टी ऑपरेशनला निघाली होती. बाबांना ती चिठ्ठी ठेवल्याचं आठवतही नव्हतं.

तिच्या जोरावर दुसरं अपील केलं, उशीर माफ करण्याच्या विनंतीसह. सहा महिने उत्तर नाही. मग २०२१ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात अर्ज. २०२३ मध्ये निकाल लागला : आजार सेवेमुळे वाढला असं मान्य, ३० टक्के पूर्णांकित करून ५० टक्के, आयुष्यभरासाठी.

पण थकबाकी अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. म्हणजे २०१८ पासून. २०११ ते २०१८ या सात वर्षांचे पैसे कायमचे गेले. बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना फक्त म्हणाले, “तुझं बारावीनंतरचं शिक्षण निघालं असतं त्यात.” हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कुणाच्या घरी असं पत्र पडून असेल तर कृपा करून उद्याच बघा.

---

निवृत्त_क्लार्क_काका | रविवार, रात्री १०:२५

लेकी, शाबास. चोवीस वर्षं सैन्यात एसडी क्लार्क म्हणून काढली, असे कागद हजारानं हाताखालून गेले. पायऱ्या सांगतो, बऱ्याच जणांचा इथंच घोळ होतो.

दावा नामंजूर झाल्याचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील. ते फेटाळलं की पुन्हा सहा महिन्यांत दुसरं. तेही फेटाळलं, किंवा अर्ज देऊन सहा महिने झाले तरी काहीच उत्तर नाही, तर न्यायाधिकरण. कायदा २००७ चा, न्यायाधिकरण ऑगस्ट २००९ पासून चालू. त्याआधी लोकांना थेट हायकोर्ट गाठावं लागायचं. आपल्या भागाची प्रकरणं मुंबई खंडपीठाकडं जातात. साधारणपणे आधीच्या पायऱ्या चढल्याशिवाय तिथं अर्ज दाखल करून घेत नाहीत, म्हणून ताईनं दुसरं अपील आधी केलं ते बरोबर.

आता पैशाचं. डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग, शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. समजा शेवटचा हिशेबी पगार ४०,००० रुपये. शंभर टक्क्यांना १२,०००. तीस टक्क्यांना ३,६००. पण पूर्णांकित होऊन ५० टक्के धरले की ६,०००, वर महागाई भत्ता वेगळा. दर महिन्याचा फरक आहे हा, आयुष्यभर. पूर्णांकित करण्याचा नियम असा : ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, ७६ च्या वर १००. मात्र किमान २० टक्के पाहिजेत. १९ ला काही नाही.

लढाईतल्या जखमेचं खातं वेगळं, तिथं ३० च्या जागी ६० टक्के. ते यात मिसळू नका.

आणि बोर्डाची कॉपी मागून घेतल्याशिवाय गेट सोडू नका. आता जी पोरं निघतायत त्यांना सांगतोय.

---

शिरोळकर | सोमवार, सकाळी ७:१०

क्लार्क काका, आमच्या वडिलांना १९९० च्या दशकात गुडघ्याच्या दुखापतीला २० टक्के दिले होते, पण फक्त दोन वर्षांसाठी. मग रीसर्व्हे बोर्डाला, म्हणजे फेरतपासणीला, बोलावलं आणि ‘१५ ते १९ टक्के’ लिहून पेन्शनचा तेवढा भाग बंद केला. गुडघा काय दोन वर्षांत बरा झाला नाही. आज काठी घेऊन चालतात. आता काही होऊ शकतं का?

---

निवृत्त_क्लार्क_काका | सोमवार, सकाळी ८:०२

होऊ शकतं. त्या काळी दोन-दोन वर्षांनी बोलवायचे. फेब्रुवारी २००१ च्या सरकारी पत्रानंतर बोर्डानं कायमचं म्हटलं की कायमचं, असं झालं. तुमचं प्रकरण त्याआधीचं. नवा रीसर्व्हे बोर्ड मागा. अर्ज रेकॉर्ड ऑफिसला, एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात देऊन पोच घ्या. सोबत आत्ताचा एक्स-रे आणि हाडांच्या डॉक्टरचा कागद, कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी दवाखान्याचा चालतो. पोच नसेल तर अर्ज केला नाही असं समजा.

---

माजी_वैद्यकीय_अधिकारी | सोमवार, दुपारी १:४५

मी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत होतो, अनेक बोर्डांवर बसलो आहे. लेकीचा लेख वाचून वाईट वाटलं, पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

बोर्डावरच्या डॉक्टरला मोकळं रान नसतं. आमच्यापुढं लष्करी पेन्शनसाठीचं मार्गदर्शक पुस्तक असायचं, २००२ चं आणि पुढं २००८ ला दुरुस्त केलेलं. त्यात आजारावार लिहिलंय. ब्लड प्रेशर फील्डमध्ये, अतिउंचीवर किंवा दहशतवादविरोधी भागात नोकरी असताना सुरू झालं असेल तर सेवेमुळे वाढलं असं धरता येतं. हृदयविकाराला आधीच्या चौदा दिवसांत त्या जवानानं काय काम केलं ते युनिटकडून लेखी मागवायचं. मधुमेहालाही तसाच निकष, आणि कमांडिंग ऑफिसरचा दाखला.

सगळ्यांचं बीपी फौजेमुळं वाढलं असं मी म्हणणार नाही. गावात शेती करणाऱ्या माणसालाही होतंच. म्हणून प्रत्येक प्रकरण वेगळं तपासलं पाहिजे, हे माझं आजही ठाम मत आहे.

पण तपासलं पाहिजे हाच मुद्दा आहे. एका दिवसात तीस-चाळीस जवानांचे बोर्ड असायचे. मागची फाइल पूर्ण न वाचता पोस्टिंगच्या तक्त्याची शेवटची ओळ बघून निर्णय लिहिले गेले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ‘शांत ठिकाणी सुरू झाला’ हे कारण नव्हे. लक्षण दिसलं तो दिवस आणि आजार सुरू झाला तो दिवस एकच असतो, असं कुठलाही डॉक्टर म्हणणार नाही. तुमच्या बाबांची ती चिठ्ठी मी बोर्डावर असताना समोर आली असती तर मी मान्य केलं असतं. पण ती पेटीत होती, फाइलीत नव्हती. फील्डमधल्या एमआय रूमची नोंद मुख्य फाइलीला जोडली जात नाही, ही खरी गळती आहे.

---

गडहिंग्लजची_लेक | सोमवार, रात्री ९:१५

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. तुम्ही हे उघडपणे लिहिलंत, याचं मोल मला कळतं. एकच म्हणेन. चिठ्ठी फाइलीला जोडायची जबाबदारी जवानाची कशी? तो एमआय रूममधून थेट गाडीत चढला. आणि पुढं सहा वर्षांनी बोर्डासमोर उभा राहिल्यावर “काही सांगायचंय का” असं विचारल्यावर तो “नाही साहेब” असंच म्हणणार. घरी जायचं असतं त्याला, बिस्तरा बांधलेला असतो.

---

काळा_कोट | मंगळवार, सकाळी ११:३०

मी वकिली करते, या प्रकारची प्रकरणं हाताळते. डॉक्टरांच्या मुद्द्याला कायद्याची जोड देते, कारण ताईंच्या प्रकरणात तेच निर्णायक ठरलं असणार.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं धरमवीर सिंग प्रकरणात निकाल दिला. सैन्याच्या सिग्नल्स कोअरचा शिपाई, १९८५ चा भरती, फिट्स येतात म्हणून १९९४ मध्ये घरी पाठवला, २० टक्के. बोर्डानं आजार त्याच्या प्रकृतीचाच म्हटलं. न्यायालयानं विचारलं, भरतीच्या वेळी तपासणी कुणी केली? तेव्हा आजाराची नोंद नसेल तर जवान त्या दिवशी धडधाकट होता असंच धरायचं. पुढं तब्येत बिघडली तर ती सेवेमुळं, असं गृहीत. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. शंकेचा फायदा जवानाला. आणि बोर्ड म्हणत असेल की आजार भरतीच्या तपासणीत सापडण्यासारखा नव्हता, तर तसं कारणासह लिहिलं पाहिजे. पुढच्याच वर्षी सुखविंदर सिंग प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं.

टक्केवारी पूर्णांकित करण्याचा फायदा आधी सरकार फक्त आजारपणामुळं मध्येच घरी पाठवलेल्यांना देत होतं. मुदत पुरी करून आलेल्यांना नाही. डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालानं तो भेद गेला. बाबांना ३० चे ५० मिळाले ते त्यामुळं.

आणि तीन वर्षांची मर्यादा २००८ च्या तरसेम सिंग निकालातली. पेन्शन दर महिन्याला बुडते, म्हणजे अन्याय रोज चालू आहे, म्हणून उशीर झाला तरी दार उघडं राहतं. पण उशिराची किंमत जवानानं मोजायची, थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच. ताई, तुमच्या त्या सात वर्षांचं उत्तर या एका निकालात आहे. मला व्यक्तिशः ते पटत नाही. नामंजुरीच्या पत्रात एका ओळीपलीकडं कारण दिलं नाही, बोर्डाची प्रत दिली नाही, तर उशिराचा दोष एकट्या जवानाच्या माथी का? पण आज कायदा असा आहे.

अजून एक. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांना वरचं सगळं जसंच्या तसं लागू होईल असं समजू नका. आधीच्यांना जुने नियम.

---

चंदगडचा_फौजी | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

माझं वेगळं आहे. २०१६ साली रजेवर घरी येताना गाडीतून उतरताना पाय घसरला, घोटा मोडला. कागदावर लिहिलं ‘रजेवर असताना, सेवेशी संबंध नाही’. ड्यूटीवर नव्हतो म्हणे. मी काय लग्नाच्या वरातीतून येत नव्हतो, युनिटमधून रजेचा पास घेऊन निघालो होतो.

---

काळा_कोट | मंगळवार, रात्री ८:५०

दादा, १९९९ चा मदन सिंग शेखावत निकाल तुमच्यासारखाच आहे. रजेवर घरी जाताना रेल्वेतून उतरताना अपघात झाला आणि जवानानं हात गमावला. तो स्वतःच्या खर्चानं प्रवास करत होता म्हणून नाकारलं होतं. न्यायालयानं दिलं. युनिट ते घर हा प्रवास सेवेचाच भाग, तिकीट कुणी काढलं हा प्रश्न नाही.

पण घरी पोचल्यावर अंगणात किंवा मोटारसायकलवर झालेला अपघात, त्याला सेवेशी जोडणारा धागा दाखवावा लागतो, तो सहसा टिकत नाही. म्हणून अपघात नेमका कुठं झाला याचा पुरावा काढा. तिकीट, रेल्वे पोलिसांची नोंद, पहिल्या दवाखान्याचा केसपेपर. त्यावर वेळ आणि ठिकाण असतं. रजेच्या पासवरची तारीख त्याच्याशी जुळली की काम झालं म्हणा.

---

निवृत्त_क्लार्क_काका | मंगळवार, रात्री ९:३०

एक सावधगिरी. आपल्याकडं काही माणसं कँटीनच्या रांगेत उभी राहून विचारतात, “काका, डिसेबिलिटी मिळाली का? मी मिळवून देतो, थकबाकीतले एवढे टक्के माझे.” कोऱ्या वकालतनाम्यावर सही घेतात, मूळ डिस्चार्ज बुक घेऊन जातात. मूळ कागद कुणालाही द्यायचा नाही. झेरॉक्स द्या. आमच्या गावचे एक सुभेदार दोन वर्षं स्वतःचं डिस्चार्ज बुक परत मागत फिरले.

---

गडहिंग्लजची_लेक | बुधवार, रात्री १०:१०

काका, हे लिहिलंत बरं केलंत.

निकालानंतरचं राहिलं होतं ते सांगते. आदेशात चार महिन्यांची मुदत होती. चार महिने गेले, काही नाही. पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला जायची, तिथून ‘स्पर्श’ या पेन्शनच्या पोर्टलवर दिसायची. मी रोज सकाळी लॉगिन करून बघायची. फोन केला की एक जण म्हणायचा फाइल पुढं गेली, दुसरा म्हणायचा आली नाही. शेवटी अंमलबजावणीसाठी वेगळा अर्ज करावा लागला, पुन्हा मुंबई. बाबा आणि मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट पिशवीत घडी घालून घेतला होता, सकाळी सीएसएमटीवर बदलला. कोर्टात आमचा नंबर पाच मिनिटांत आटोपला. त्या पाच मिनिटांत ते सावधान उभे होते, पाठ ताठ. कुणी सांगितलं नव्हतं.

दोन महिन्यांनी पैसे आले. म्हणून निकाल लागल्याच्या दिवसापासून मुदत मोजत राहा, आणि मुदत संपली की थांबू नका.

---

काळा_कोट | गुरुवार, सकाळी १०:२०

जोडून सांगते. सरकारही निकालाविरुद्ध वर जाऊ शकतं. २०१५ च्या एका निकालानंतर हायकोर्टाचा मार्ग जवळजवळ बंद झाला होता आणि सर्वोच्च न्यायालयाचं दार अरुंद आहे. मार्च २०२३ च्या परशोत्तम दास निकालानं हायकोर्टाचा अधिकार पुन्हा मान्य केला. तो दोन्ही बाजूंना लागू. न्यायाधिकरणात हरलात तर तुम्हालाही रिट करता येते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, वकील गाठायला आता मुंबईची वारी करावी लागत नाही.

---

टाकळीची_मावशी | गुरुवार, दुपारी ३:४०

मी सैनिक टाकळीची. लिहायला नातीनं मदत केली. आमचे हे २०१९ ला वारले. त्यांचा कान गेला होता, तोफखान्यात होते. घरी आल्यावर दरवाजा वाजवलेला ऐकू यायचा नाही, मी अंगणातून हाक मारून थकायची. निघताना बोर्डानं २० टक्के लिहिलं होतं, पण सेवेशी संबंध नाही म्हणाले. मला फॅमिली पेन्शन मिळते. माणूसच राहिला नाही, आता त्याचं काय अपील करायचं?

---

काळा_कोट | गुरुवार, संध्याकाळी ५:१५

मावशी, त्यांच्या हयातीतला जो हक्काचा पैसा बुडाला तो वारस म्हणून तुम्ही मागू शकता. तो त्यांच्याबरोबर संपत नाही. तुमच्या फॅमिली पेन्शनला त्यामुळं धक्का लागणार नाही. तीन वर्षांच्या मर्यादेचा प्रश्न इथं येईल, म्हणून आता एक महिनाही घालवू नका. तोफखान्यातला माणूस आणि कानाचा आजार, यात सेवेचा संबंध नाही हे सरकारनं सिद्ध करायचं आहे, तुम्ही नव्हे.

---

माजी_वैद्यकीय_अधिकारी | गुरुवार, रात्री ८:००

ताई, भरतीच्या वेळचा आणि निघतानाचा, असे दोन्ही वेळचे कान तपासल्याचे कागद मागा. भरतीला दोन्ही कान ठीक लिहिले असतील तर पुढचं सांगायला डॉक्टर लागत नाही. मी बघून देईन, फी नको.

---

गडहिंग्लजची_लेक | गुरुवार, रात्री ९:०५

मावशी, रविवारी मी आणि बाबा टाकळीला येतो. माहितीच्या अर्जाचा नमुना घेऊन येते, तिथंच भरू. काकांचं डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला आणि तुमच्या पीपीओची झेरॉक्स तेवढी काढून ठेवा. आणि त्यांची पेटी असेल तर ती आवरू नका, जशी आहे तशी राहू द्या. आपण दोघी मिळून तळापर्यंत बघू.